गावातल्या पडलेल्या मेथडिस्ट चॅपलची माहिती कुठं मिळंल?

उदगीरकर: आमच्या गावाच्या वेशीबाहेर मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर होतं. आज्जीचा बाप्तिस्मा तिथलाच. आता नुसता चुन्याचा ओटा उरलाय, त्यावर कुणीतरी तुराट्या रचल्यात. सातबाऱ्यावर काहीच दिसंना. कुठून सुरुवात करू?

निवृत्त तलाठी: सातबारा सोडा. तहसीलातून १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा, मराठवाड्यात जमिनीचं सगळं तिथंच येऊन ठेपतं. त्याआधीचं निजामी दप्तर उर्दूत. वाचणारा जाणता माणूस सोबत न्या, नाहीतर नक्कल शोभेलाच ठेवाल.

बीदरची सून: दादा, आमच्या बीदरलाही मेथडिस्ट मिशनच. बाप्तिस्म्याची वही पाळकसाहेबांकडं विचारा. पण सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या दारात जाऊ नका. १९७० साली अनेक चर्च एकत्र येऊन ते झालं तेव्हा अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेरच राहिले. १९८१ पासून त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त आहे.

उदगीरकर: ताई, लई उपकार. जालन्याच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीशी काही संबंध?

निवृत्त तलाठी: छे हो! ते पाद्री नारायण शेषाद्रींचं, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम. लोक सगळी मिशनं एकाच दावणीला बांधतात. गट नंबर टाका, बघतो.