जानेवारीतली ग्रुप सहल : शेवटचा दिवस आग्र्यात, परतीचं कसं ठेवावं?

सांगलीवाडी
नमस्कार मंडळी. 34 जणांची दिल्ली-जयपूर-आग्रा सहल ठरवतेय, जानेवारीचा दुसरा आठवडा. नऊ जण सत्तरीच्या पुढचे. गुरुवारी जयपूरहून आग्र्याला मुक्कामी, शुक्रवार शेवटचा. शुक्रवारी पहाटे ताज, मग किल्ला. परतीला दोन पर्याय आहेत : (अ) दुपारी बसने दिल्ली विमानतळ आणि रात्री 8.30 चं पुण्याचं विमान, (आ) संध्याकाळी आग्रा कँटहून गोवा एक्सप्रेस, थेट सांगली. धुक्याचं सगळे सांगतात, पण नेमकं काय धरून चालावं?

ताजगंज
ताई, आधी वार बदला. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, त्या दिवशी फक्त दुपारच्या नमाजासाठी स्थानिकांना प्रवेश मिळतो. आग्र्याचा किल्ला मात्र शुक्रवारीही उघडा असतो. म्हणजे ताज गुरुवारीच उरकायला हवा, आणि त्यासाठी जयपूर सकाळी 7 ला सोडायला हवं. अंतर साधारण 240 किलोमीटर आहे. वाटेतलं फत्तेपूर सिक्री वगळा. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि दोन तास तिथे गेले की ताज हातचा जातो.

ताज सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. जानेवारीत ती वेळ सव्वापाचच्या आसपास येते आणि तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते. दुपारी अडीचला गेटवर असाल तर निवांत होईल. पहाटेचा ताज हा उन्हाळ्याचा सल्ला आहे. जानेवारीत पहाटे गेलात तर मुख्य दरवाजातून आत येऊनही समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. दुपारी 12 ते 4 हीच चांगली वेळ.

तिकीट भारतीयांना 50 रुपये, कबरीच्या मुख्य इमारतीत जायचं तर आणखी 200. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. तिकीट तीन तासांपुरतं चालतं, म्हणून ग्रुपचं तिकीट सगळे गेटपाशी जमल्यावरच स्कॅन करा. बस थेट गेटपर्यंत जात नाही. पूर्व गेटसाठी शिल्पग्रामच्या पार्किंगला उतरायचं, पुढे बॅटरीवरची गाडी. गुडघेदुखीवाल्यांना तिच्यातच बसवा. खाण्याचे डबे, तंबाखू, लायटर, चाकू, ट्रायपॉड, मोठी बॅग यांपैकी काही आत नेता येत नाही. एकाच्या पिशवीत सुपारीचा अडकित्ता निघाला की मागची सगळी रांग खोळंबते. हे बसमध्येच बजावून सांगा.

धुकं_आणि_धावपट्टी
पर्याय (अ) मी घेणार नाही. कारण नीट सांगतो.

उत्तरेतलं हे धुकं जमिनीवरच तयार होतं. पश्चिमेकडून आलेला पावसाळी पट्टा ओल देऊन पुढे सरकतो, आभाळ निरभ्र होतं, वारा पडतो, रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि जमिनीलगतची ओलसर हवा गोठल्यासारखी बसते. पहाटे 4 ते 9 सर्वात दाट. उन्हाने 11 पर्यंत विरतं, पण ऊनच पडलं नाही तर दिवसभर रेंगाळतं. दिल्लीत पाऊस होऊन दुसऱ्या दिवशी वारा पडला असेल तर पुढच्या दोन रात्री सावध राहायचं.

विमानाचं म्हणाल तर दिल्लीत दाट धुक्यात उतरायची यंत्रणा आहे, पण वैमानिकाचं प्रशिक्षण आणि विमानाची साधनंही त्या दर्जाची लागतात. शिवाय उड्डाणाला साधारण 125 मीटर दृश्यमानता लागते. त्यामुळे विमान उतरतं, पण निघत नाही असंही होतं. रात्री 8.30 च्या विमानाला स्वतःच्या वेळेचं धुकं क्वचित नडतं, त्याला नडतो सकाळपासून साचलेला उशीर. धुक्यासाठी कंपनी नुकसानभरपाई देत नाही. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा हक्क मात्र आहे. चौतीस जणांना एकाच पर्यायी विमानात जागा मिळणं अवघड, हा खरा प्रश्न.

आणि रस्ता : यमुना एक्सप्रेसवे 165 किलोमीटरचा, आग्रा ते विमानतळ सगळं मिळून सव्वादोनशेच्या आसपास. हिवाळ्यात तिथली वेगमर्यादा खाली आणतात. दुपारी 1 ला निघालात तर साडेपाच-सहाला पोचाल, तेही दिल्लीतली कोंडी कृपा करील तर. (अ) घ्यायचाच असेल तर धुक्यात बस कडेच्या पट्टीवर थांबवू देऊ नका. मागून येणाऱ्याला उभी गाडी दिसत नाही. थांबा फक्त पेट्रोलपंप किंवा फूड प्लाझात. बस बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषाची) किंवा सीएनजी आहे ना, हेही मालकाकडून लेखी घ्या. प्रदूषण वाढलं की दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येते.

रेल्वेवेडा
(आ) ला माझा कौल. 12780 गोवा एक्सप्रेस दिल्लीच्या निजामुद्दीनहूनच सुटते, तीही दुपारी. आग्र्यापर्यंतचं तिचं अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि ते दिवसाउजेडी कापलं जातं. जम्मूहून येणारी झेलम किंवा फिरोजपूरहून येणारी पंजाब मेल आग्र्याला पोचेपर्यंत रात्रभर धुक्यातून आलेली असते, म्हणून तिचा उशीर तासांत मोजावा लागतो. हिवाळ्यात परतीची गाडी निवडताना सुटण्याचं ठिकाण आधी पाहावं, वेळापत्रक नंतर.

मात्र शुक्रवारी सकाळी उठल्यावर 12780 शोधू नका, ती तर अजून सुटलेलीच नसते. वास्कोहून येणारी 12779 कुठे आहे ते पाहा. ती सकाळी निजामुद्दीनला पोचते आणि तीच दुपारी 12780 म्हणून परत निघते. तीच सहा-सात तास मागे असेल तर संध्याकाळची गाडीही उशिरा सुटणार असं समजून हॉटेलच्या दोन खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. वयस्कांना फलाटावर थंडीत बसवायचं नाही.

गाडी आग्र्याला तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि जायचं नसेल तर पूर्ण पैसे मिळतात. पण ई-तिकिटाचा टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. नंतर भरून उपयोग नाही.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, सहाच प्रवासी, म्हणजे 34 जणांना किमान सहा पीएनआर. प्रत्येकात एक-दोन ज्येष्ठ टाका, लोअर बर्थ विभागून मिळतील. सगळे ज्येष्ठ एकत्र टाकले तर कुणीतरी वर चढतोच.

सांगलीवाडी
खूप आभार. गुरुवारी ताज, शुक्रवारी किल्ला आणि गोवा एक्सप्रेस पक्कं. एवढ्या माणसांना सामानासकट चढवायचं कसं? गाडी थोडाच वेळ थांबते.

रेल्वेवेडा
डब्याप्रमाणे गट पाडा, प्रत्येक गटाला एक प्रमुख. डब्यांची जागा दाखवणाऱ्या फलकासमोर वीस मिनिटं आधी उभं राहायचं. आधी दोन धडधाकट माणसं वर, मग ज्येष्ठ, शेवटी सामान हातोहात. अर्धं सामान एका दारातून, अर्धं दुसऱ्या. जयपुरी रजया जागा खातात, त्या दोरीने आवळून बांधा. आणि बसवाल्याला "आग्रा कँट" असं स्पष्ट सांगा. आग्रा फोर्ट, ईदगाह, राजा की मंडी ही वेगळी स्टेशनं आहेत, किल्ल्यावरून निघताना हीच गफलत होते.

ताजगंज
किल्ल्यावर साडेदहाच्या आधी जाऊ नका, नाहीतर धुक्यामुळे किल्ल्यातल्या मुसम्मन बुर्जावरून समोरचा ताज दिसणार नाही. प्रवेश अमरसिंह दरवाजातून. दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, ग्रुप फोटो तिथेच काढा. सगळे विचारतील "महाराजांना कुठल्या कोठडीत ठेवलं होतं?" तर 12 मे 1666 चा दरबार किल्ल्यात झाला, पण नजरकैद किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीलगत होती. आतली कोठडी दाखवून बक्षिसी मागणारा भेटला तर सरळ पुढे चला.

पेठा सुका घ्या. पाकातला अंगुरी पेठा चोवीस तासांहून लांबच्या प्रवासात गळतो आणि खालच्या बर्थखालच्या सगळ्या बॅगा चिकट करतो.