नव्या गाडीला पुढे गार्ड लावू का? सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

ए २०४: नमस्कार मंडळी, काल नवीन गाडी घरी आली, पेढे संध्याकाळी सगळ्यांकडे पोचतील. एक विचारायचं होतं, पुढे लोखंडी गार्ड बसवून घ्यावा का? नाशिकच्या द्वारका चौकातून रोजचं जाणंयेणं आहे आणि रिक्षा कुठून घुसेल सांगता येत नाही. बोनेटवर अंगठा दाबला तरी पत्रा आत जातो हो. दुसरं म्हणजे काल समृद्धीवर इगतपुरीपासून शिर्डीपर्यंत नेऊन आणली तर काँक्रीटवर आत इतका आवाज की मागे बसलेली आई काय बोलतेय ते कळत नव्हतं. दुकानवाला म्हणतोय गार्ड, चारी दारांना आवाज कमी करणारं डॅम्पिंग शीट आणि सीट कव्हर असं सगळं मिळून पॅकेज लावून देतो. कोणाचा अनुभव?

बी १०२: अभिनंदन दादा! गार्ड लावाच. आमची जुनी जीप पेठ रोडला बैलगाडीवर गेली होती, जीपला साधा ओरखडा नाही. आताच्या गाड्या जरा ठोकल्या की पुढचा सगळा चुराडा.

बी ५०१: अभिनंदन भाऊजी! मुलं पेढ्यांसाठी आत्तापासून विचारतायत.

सी ३०२: थांब रे, दुकानात अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस. मी लिहितोय, मला वेळ लागतो टाइप करायला.

सेक्रेटरी: गाडीचा नंबर आणि पार्किंग स्लॉट ऑफिसच्या रजिस्टरला लिहून जा प्लीज.

सी ३०२: मी अंबडला ३१ वर्षं गाड्यांचे रबर माउंट आणि आतलं इन्सुलेशन बनवण्याच्या कामात काढली, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. १०२ भाऊ, चुराडा होतो हे तुमचं अगदी बरोबर, पण तो तसाच व्हावा म्हणून एका माणसाने आयुष्य घातलंय. बेला बॅरेनी. १९०७ चा जन्म, व्हिएन्नाजवळच्या हिर्टेनबर्गचा, १९३९ ला डायमलर-बेन्झमध्ये म्हणजे मर्सिडीजवाल्यांकडे लागला. तोपर्यंत सगळीकडे हाच समज की गाडी जितकी कडक तितकी माणसं सुरक्षित. याने उलटं मांडलं, की गाडीचे तीन भाग करा, मधली माणसं बसायची पेटी कडक आणि पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा की धडकेत तो चेपत जाईल आणि धक्का स्वतः खाईल. १९५१ च्या जानेवारीत पेटंटचा अर्ज केला, १९५२ ला पेटंट मिळालं, आणि १९५९ ला मागे माशाच्या परासारखे पंख असलेली मर्सिडीज आली तेव्हा ही रचना पहिल्यांदा विकायच्या गाडीत आली. म्हणजे कागदावरून रस्त्यावर यायला आठ वर्षं लागली, आणि त्या आठ वर्षांत तो मागे हटला नाही. याच्या नावावर २५०० च्या वर पेटंट आहेत. आम्ही कामाला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात याची गोष्ट सांगितली होती, मी अजून विसरलो नाही.

ए २०४: काका पण चेपल्यावर आत माणूस सापडणार नाही का

सी ३०२: म्हणूनच तर मधली पेटी वेगळी. बाहेरचा पत्रा जो तू अंगठ्याने दाबलास तो फक्त कातडी आहे, साधारण पाऊण मिलीमीटरचा, त्याने गाडीची ताकद ठरत नाही, आणि बोनेट थोडं मऊ ठेवतात ते रस्त्यावरून चालणाऱ्याचं डोकं त्यावर आपटलं तर वाचावं म्हणूनही. खरं हाड आत असतं, दाराशेजारचे पिलर म्हणजे छत पेलणारे खांब आणि दाराखालची पट्टी म्हणजे सिल, आताच्या बऱ्याच गाड्यांत तिथे पोलाद लालबुंद तापवून साच्यातच थंड करतात, ते साध्या पत्र्याच्या कित्येक पट ताकदीचं होतं.

आता हिशोब बघ. ताशी ५० ने भिंतीवर आपटणं म्हणजे साधारण १० मीटरवरून पडणं, आपल्या बिल्डिंगचा तिसरा मजला धर. थांबणार तर तू आहेसच, किती अंतरात थांबतोस एवढाच प्रश्न. पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपला तर अंगावर सरासरी तुझ्या वजनाच्या १६ पट जोर येतो, बेल्ट लावलेला धडधाकट माणूस तो सोसतो. तीच गाडी कडक राहून ५ सेंटीमीटरात थांबली तर जवळपास २०० पट. पिंपळगावला द्राक्षाच्या पेटीत खाली पॅड घालतात ना, ते पेटी वाचावी म्हणून नाही घालत, मणी फुटू नयेत म्हणून घालतात. बोनेटखालची ती ६० सेंटीमीटरची जागा म्हणजे तुझा पॅड आहे.

आणि गार्ड काय करतो, तो सरळ चेसिसच्या लाँग मेंबरला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातल्या लांब लोखंडी तुळयांना बोल्ट करतात. बंपरच्या मागे जे चेपायचे डबे असतात त्यांना बाजूला टाकून धक्का थेट आत येतो. शिवाय एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर ठरवतो, धक्का कसा वाढत जातो ते मोजून, आणि ते गणित कंपनीने विनागार्ड गाडी आपटून बसवलेलं असतं. भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी टेस्टचे स्टार बघून गाडी घेतलीस ना? ती टेस्ट ताशी ६४ ला होते, गाडीचा ४० टक्केच पुढचा भाग आपटतात, आणि त्या गाडीला गार्ड नसतो. गार्ड लावलास की त्या स्टारचा तुझ्या गाडीशी संबंध उरला नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या राज्यांना या गार्डवर कारवाई करा म्हणून कळवलंय, त्यामुळे दंडही होऊ शकतो, पण मला दंडाची काळजी नाही, तुझी आहे.

बी १०२: काका मान्य पण आमच्या जीपला खरंच काही झालं नव्हतं

सी ३०२: भाऊ, त्या बैलगाडीवाल्याला लागलं होतं का?

बी १०२: हो. हात मोडला होता त्याचा. आणि आमचे वडील स्टिअरिंगवर आपटले होते, दोन महिने छाती दुखत होती. जीपला काही झालं नाही एवढंच आम्ही घरात सांगत आलो, हा विचारच केला नव्हता कधी.

सी ३०२: माझ्या सख्ख्या भावाचंही तेच झालं. विल्होळीजवळ डिव्हायडरला गाडी लागली, पुढे गार्ड. गार्डला नुसता रंग गेलेला, आत लाँग मेंबर वाकलेले आणि त्याच्या तीन बरगड्या गेल्या. बेल्ट नव्हता. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मला सारखं वाटत होतं की मी या लाईनमध्ये असून घरच्या माणसाला कधी नीट समजावलं नाही. म्हणून एवढं लिहितोय.

ए १०३: काका लिहीत राहा, आम्ही सगळे वाचतोय

बी ५०१: काका एक विचारू का, आमची छोटी मांडीवरच बसते, सीटवर रडते. सातपूरपर्यंतच जातो आम्ही, माहेरी. मी घट्ट धरून बसते.

सी ३०२: वहिनी, छोटी साधारण १० किलो असेल. वरच्या हिशोबाने ५० च्या धडकेत ती १६० किलोची होते तुमच्या हातात. पैलवानाच्या हातूनही सुटेल. आणि तुम्ही स्वतः बेल्टशिवाय असलात तर ती तुमच्यात आणि पुढच्या सीटमध्ये सापडते. चाइल्ड सीट घ्या, मागच्या सीटवर लावा. लहान मुलाचं तोंड मागे करून बसवायची सीट असेल तर ती चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीच लावू नका. पहिले चार दिवस रडेल, मग सवय होते, आमच्या नातवाला झाली.

बेल्टचंही सांगतो. आपण लावतो तो तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्व्होच्या निल्स बोहलिनचा, १९५९ चाच. तो आधी साब कंपनीत लढाऊ विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवायचा, म्हणजे जोराचा झटका शरीराच्या कुठल्या भागाने सोसायचा हे त्याला पक्कं ठाऊक. पोटावर बेल्ट नको, कमरेच्या हाडावर आणि छातीवरून तिरका, आणि एका हाताने लावता आला पाहिजे. व्होल्व्होने ते पेटंट बाकी कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वात जास्त आवडते.

ए २०४: काका मागे बसल्यावर बेल्ट लावला नाही की टूं टूं वाजतं, दुकानवाला ते बंद करायला बेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप फुकट देतोय

सी ३०२: ती क्लिप घरात सुद्धा आणू नकोस. २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्याच सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बेल्ट नव्हता. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत, ३० मिलीसेकंदाच्या आसपास फुगते, ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. बेल्ट नसला तर तू तिच्यावर चुकीच्या वेळी जाऊन आदळतोस. आणि हो, सीट कव्हर. तुझ्या गाडीला साइड एअरबॅग सीटच्या कडेला शिवणीत असतील, सीटवर तसं लेबल बघ. जाड कव्हर चढवलं तर ती फाडून बाहेर कशी येणार? लावायचंच तर त्या जागेला उसवणारी शिवण असलेलं घे.

ए २०४: बरं गार्ड कॅन्सल, क्लिप कॅन्सल. पण आवाजाचं काय, आई दोन तास ओरडून बोलत होती

सी ३०२: हा माझा खरा विषय. गाडीत आवाज दोन वाटांनी येतो, हवेतून आणि लोखंडातून. हवेतला आवाज फटीतून येतो, बोटाएवढं भोक उघडं राहिलं तरी भिंतभर इन्सुलेशन वाया जातं, म्हणून डॅशच्या मागे वायरी जिथून आत येतात तिथे आम्ही भोक बंद करणाऱ्या रबरी कड्यांवर म्हणजे ग्रोमेटवर जीव टाकायचो. लोखंडातला आवाज म्हणजे चाकाचा आणि इंजिनचा थरथराट पत्र्याला लागतो आणि पत्रा ताशासारखा वाजतो. इंजिन ज्या रबरी माउंटवर बसतं ते मऊ केलं तर थरथर आत येत नाही पण खड्ड्यात इंजिन डोलतं, कडक केलं तर उलट, म्हणून आत द्रव भरलेले माउंट आले. आमची निम्मी नोकरी त्या रबराचा कडकपणा ठरवण्यात गेली.

आणि गंमत अशी की आवाज आणि सुरक्षा ही दोन कामं एकाच लोखंडात गुंतलेली असतात. बॅरेनीनेही मर्सिडीजमध्ये आल्यावर सुरुवातीला गाडीची फ्रेम आणि फ्लोअर एकजीव करण्यावर काम केलं, त्याने खडखड आणि कंप कमी झाला आणि बाजूने बसणाऱ्या धडकेलाही आधार मिळाला. आताच्या गाड्यांत पिलरच्या पोकळीत फेसाचे तुकडे बसवतात, पेंटच्या भट्टीत ते फुगून जागा बंद करतात आणि नळीतून शिट्टीसारखा येणारा आवाज तिथेच अडतो. म्हणून दुकानात कोणी पिलरचं ट्रिम म्हणजे वरचं आवरण काढून वायर ओढायला लागला तर त्याचा हात धर.

डॅम्पिंग शीट वाईट नाही, त्यातला डांबरासारखा थर पत्र्याची थरथर गिळून त्याची उष्णता करतो. पण पत्र्याच्या मधोमध एक तुकडा पुरतो, सगळं दार मढवायची गरज नसते. वरून दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं बुजली तर दोन पावसाळ्यांत दार कुजेल. आणि काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब बघतो, दार चेपलं की दाब वाढतो आणि त्याला कळतं. तिथे कापाकापी करून, भोकं पाडून चालत नाही. आधी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचार.

बी १०२: दाराच्या पोकळीतली हवा मोजतात? बाप रे

सी ३०२: हो भाऊ, एवढा विचार त्या दारात भरलेला असतो. २०४, आधी दोन फुकटच्या गोष्टी करू. नवीन गाडीत कधी कधी टायरला जास्त हवा भरलेली असते, काँक्रीटवर ती लगेच आवाज करते. थंड टायरवर मोजायची, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्याप्रमाणे. आणि एक कागदाची पट्टी घेऊन ये, दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर तिथलं रबर नीट बसलेलं नाही. मी ५ ला खाली येतो हवा मोजायचा गेज घेऊन.

सेक्रेटरी: ५ ला पाण्याचा टँकर येणार आहे, गाडी सी विंगच्या बाजूला घ्या मग.

ए २०४: काका गाडी सी विंगला लावली, या.

ए २०४: अपडेट देतो. चारी टायरमध्ये ४१ होती, स्टिकरवर ३३ आहे, कमी केली. मागच्या डाव्या दाराला वरच्या कोपऱ्यात कागद अलगद निघून आला, आई नेमकी तिथेच बसली होती. रबर तिथे क्लिपमधून सुटलंय, उद्या शोरूमला वॉरंटीत दाखवतो. दुकानवाल्याला पॅकेज नको म्हणून कळवलं. पेढे काकांच्या घरी ठेवलेत, बाकीच्यांचे ८ नंतर.

बी ५०१: काका, चाइल्ड सीट घ्यायला आम्ही मंगळवारी जातोय, तुम्ही अर्धा तास बरोबर येऊ शकाल का?

सी ३०२: येतो. छोटीलाही बरोबर घ्या, तिला सीटमध्ये बसवून बघू, आणि सीट तुमच्याच गाडीत लावून बघायची, दुकानातल्या सोफ्यावर नाही.