अदलाबदलीसाठी लाकडी धनुष्य: ॲशची फळी, ३५ पौंड, डावखुरा नेमबाज

रंधा_रेघ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुणे, नाशिक, रत्नागिरी आणि नागपूर इथल्या हौशी लोकांनी मिळून हाताने केलेल्या धनुष्यांची अदलाबदल ठरवली आहे. चिठ्ठ्या टाकल्या आहेत. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी धनुष्य करायचं, खर्च ज्याचा त्याने करायचा आणि संक्रांतीपर्यंत पोचतं करायचं. माझ्या वाट्याला नागपूरचे गृहस्थ आले आहेत. त्यांनी कळवलंय: खेच (दोरी किती मागे ओढली जाते) २७ इंच, जोर (तेवढं ओढायला लागणारा) ३५ पौंड, डावखुरे, वापर फक्त लक्ष्यावर नेम मारण्यासाठी.

माझ्याकडे वखारीतून आणलेली ॲश लाकडाची फळी आहे, ७२ इंच लांब, २ इंच रुंद, पाऊण इंच जाड. सोबत जुन्या बांबूच्या रुंद कामट्याही आहेत. स्वतःसाठी करताना कमी-जास्त चालून जातं, पण हे धनुष्य ज्याला कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हातात जाणार, त्यामुळे कसर ठेवायची नाही. फळी घ्यावी की बांबू? मापं काय धरावीत? टिलरिंग (दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून लाकूड खरवडणं) करताना पातं (मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) एकाच जागी जास्त वाकायला लागलं तर काय करायचं? आणि पाठवताना काय सांभाळायचं?

ताठ_मूठ

रंधा हातात घेण्याआधी नागपूरला एक निरोप धाडा: ते २७ इंच कुठून कुठे मोजले? काहीजण दोरीपासून मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंत मोजतात. प्रचलित मापात त्यात आणखी पावणेदोन इंच मिळवतात. दोन्हींना लोक 'माझी खेच' असंच म्हणतात. शेवटच्या टप्प्यात दर इंचाला साधारण २ ते ३ पौंड वाढतात, म्हणजे या गोंधळात ३५ चं धनुष्य ४० च्या आसपास ओढलं जाईल, आणि तेही ज्या खेचेसाठी ते घडवलंच नाही तिथपर्यंत. लांब बाणावर खुणा करून हलक्या धनुष्यावर ओढून फोटो पाठवायला सांगा. मुठीच्या पलीकडच्या कडेला येणारी खूण धरा, ती प्रचलित मापाच्या जवळ असते.

पहिल्या अदलाबदलीसाठी फळीच घ्या. फळीत सगळ्यांत महत्त्वाच्या त्या लाकडाच्या धाग्यांच्या रेघा. ॲशची छिद्रं मोठी असल्याने ओल्या फडक्याने पुसलं की रेघा स्पष्ट दिसतात. पाठीच्या (नेमबाजापासून दूरच्या) बाजूला त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. वाटेत कडेतून बाहेर पडत असतील तर २० इंचांत १ इंचापेक्षा जास्त तिरपेपणा नको. रुंद बाजूवर एकात एक बसलेले व्ही दिसले, तर तिथे वलयं पाठीतून बाहेर पडताहेत असं समजा. मुठीत असले तर चालतील, पात्यात नकोत. गाठ असेल तर फळी बदला. रेघ जिथे कडेतून सुटते तिथूनच पाठीची सळी (लाकडाचा उभा चिरका) उचलली जाते.

मापं: दोरी अडकवायच्या खाचेपासून खाचेपर्यंत ६६ इंच, एकूण साडेसदुसष्ट. मूठ ४ इंच, दोन्हीकडे २-२ इंच उतार (मुठीची जाडी पात्याकडे कमी होत जाते तो भाग), म्हणजे मधले ८ इंच ताठ. ताठ मुठीच्या धनुष्याला लांबी खेचेच्या सव्वादोन ते अडीच पट लागते. ६६ ला २७ म्हणजे जवळपास २.४५ पट, मनासारखं. उताराच्या शेवटी पूर्ण २ इंच रुंदी ठेवा आणि तिथून टोकाकडे सरळ रेषेत अर्ध्या इंचावर आणा. टोकं शेवटी ३/८ इंचावर बारीक करायची, आत्ता नाही. पात्याची जाडी सगळीकडे सारखी १४ मिमी ठेवून सुरुवात करा. असं त्रिकोणी पातं निमुळत्या रुंदीमुळे वर्तुळाच्या कमानीत वाकतं, डोळ्याला चूक लगेच दिसते.

फळी पाऊण इंचाची असल्याने मुठीला दुसरा ठोकळा चिकटवावा लागेल, सागवान किंवा शिसव, ८ इंच लांब, इंचभर जाड. हा ठोकळा सुटण्याचं कारण बहुतेक वेळा गोंद नसतो, उताराखालचं लाकूड वाकत असतं. ठोकळ्याच्या उताराचं टोक कागदाइतकं पातळ करा आणि त्या टोकाच्या बाहेर पहिला अर्धा-पाऊण इंच अजिबात वाकू देऊ नका.

पोट (नेमबाजाकडची बाजू) सपाट ठेवा. पुस्तकातली इंग्लिश लाँगबो पाहून गोल पोट करण्याचा मोह होतो. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ जहाजात शंभराहून जास्त लाँगबो सापडले, पण ते यू लाकडाचे. यूला दाब सोसतो, ॲशला तेवढा नाही. ॲशच्या गोल पोटावर सगळा दाब मधल्या चिंचोळ्या पट्टीवर येतो आणि पातं कायमचं वाकतं. डेन्मार्कमधली होल्मगार्डची सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीची एल्मची धनुष्यं रुंद आणि सपाटच आहेत. १९३० च्या दशकात हिकमन आणि क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी मोजमाप करून सपाट छेदाची बाजू मांडली.

कामटी

बांबू बाद करू नका, पण त्याची कामं वेगळी आहेत. सातपुड्यातले भिल्ल बांबूचं धनुष्य करतात आणि दोरीही बांबूच्याच कामटीची लावतात, इतका तो ताणाला पक्का. पण बांबूची पाठ ॲशवर चिकटवली तर ती ॲशच्या पोटाला भारी पडते. ताणात बांबू हरत नाही, मग पोट चिरडतं: पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात, नखाला लागतात, आणि पुढे तिथेच तुकडा पडतो. करायचंच असेल तर कामटी मध्ये ३ मिमी, टोकाला दीड मिमी, आणि पाठ पोटापेक्षा थोडी अरुंद ठेवायची म्हणजे ताण-दाबाचा तोल राहतो. पेराच्या गाठी वरून घासून सपाट करायच्या नाहीत, तिथले धागे तुटले की तिथूनच मोडतं.

जुन्या कामट्यांत बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ती कामटी दुसऱ्याच्या घरी पाठवूच नका. तो किडा त्याच्या लाकडातही शिरेल.

कोणाला देशी लाकूड हवं असेल तर धामण. लवचीक आणि चिवट, अवजारांच्या दांड्यांना उगाच वापरत नाहीत. फक्त परवानाधारक वखारीतूनच घ्या, जंगलातून तोडू नका.

बाक_बघा

टिलरिंगबद्दल लिहितो, कारण अदलाबदलीतली बरीच धनुष्यं याच टप्प्यावर घाईने बिघडतात.

आधी जमिनीवर टेकवून एकेक पातं दाबून बघा. दोन्ही साधारण सारखी वाकू लागली की खाचा पाडा, ५ मिमीची गोल कानस, ४५ अंशांत, फक्त दोन्ही कडांवर. खाच पाठीवरून आडवी न्यायची नाही. मग टोकांच्या खाली दोन-तीन इंच लोंबेल अशी लांब दोरी, भिंतीवर मूठ टेकायला कोनाडा, खाली कप्पी, दोरखंड आणि टांगायचा वजनकाटा. उभं राहायचं ते बाजूला, धनुष्याच्या सरळ रेषेत कधीच नाही.

एक नियम मोडायचा नाही: २७ इंच खेच येईपर्यंत काटा कुठल्याही टप्प्यावर ३५ पौंडांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला ३५ पौंड ८-९ इंचांतच येतील. लाकूड काढाल तसं तेच ३५ पौंड १२, १६, २० इंचांवर सरकतील. चांगल्या बाकाआधी जास्त जोराने ओढलेलं लाकूड पोटात दबून जातं आणि तो दबलेपणा परत जात नाही.

जाडीचा हिशोब लक्षात ठेवा. रुंदी १० टक्के कमी केली तर ताठपणा १० टक्के कमी होतो, जाडी १० टक्के कमी केली तर २७ टक्के. म्हणून १४ मिमीवरून रंधा चालतो, १२.५ च्या खाली फक्त स्क्रेपर (खरवडायची पट्टी). प्रत्येक वेळी खरवडलं की तेवढ्याच खेचेपर्यंत २०-३० वेळा ओढा, मगच बघा. लाकूड बदल लगेच दाखवत नाही. लगेच बघून पुन्हा खरवडणारा हमखास ५ पौंड गमावतो.

आता तुमचा 'एकाच जागी वाकतं' हा प्रश्न. डोळ्यावर विसंबू नका. ६ इंचांचा सरळ ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून पेन्सिल बसवा. धनुष्य ओढलेल्या स्थितीत ठोकळा पोटावर टेकवा आणि सर्वांत जास्त वाकणाऱ्या जागी पेन्सिल जेमतेम पोटाला लागणार नाही एवढी बाहेर काढा. मग ठोकळा पूर्ण पात्यावर सरकवा. जिथे जिथे रेघ उमटेल ती जागा ताठ आहे, खरवडायचं तिथेच. कमकुवत जागेला अजिबात हात लावायचा नाही, उरलेलं पातं तिच्या बरोबरीला आणायचं. यात जोर घटेल. ३५ चे ३१ झाले तर दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच कापून थोडा परत मिळतो, पण २७ इंचांच्या खेचेला ६४ च्या खाली जाऊ नका. तरीही कमी राहिला तर ३१ लिहा आणि नागपूरला आधी कळवा. ३१ पौंडांचं नीट वाकणारं धनुष्य वर्षानुवर्षं चालतं. एका जागी मोडू पाहणारं ३५ चं त्यांच्या हातात फुटेल.

साधारण १८ इंच खेच सरळ आली की छोटी दोरी लावा, आधी ३ इंच उंचीवर (मुठीपासून दोरीचं अंतर), मग साडेपाच-सहावर. प्रत्येक बैठकीनंतर दोरी काढून लगेच पाठीला सरळ पट्टी लावा. राहिलेला बाक एक-दीड इंचापर्यंत ठीक, २ च्या पुढे गेला तर थांबा. बाक मुठीजवळ आहे की मध्यावर ते पाहा, जिथे आहे तिथे जास्त भार येतोय.

डावखुऱ्यांसाठी: ते धनुष्य उजव्या हातात धरणार, बाण धनुष्याच्या उजव्या बाजूने जाणार. दोरी मध्यावर किंवा किंचित उजवीकडे झुकलेली असावी. डावीकडे झुकली असेल तर खाचेची एक कड थोडी खोल करून आणता येते. खालचं पातं थोडं ताठ हवं: उताराच्या शेवटी दोरीपासून पोटाचं अंतर वरच्या पात्यावर ३ ते ६ मिमी जास्त.

आणि २७ वर थांबू नका. जोर २७ ला ३५ असावा, पण बाक २८ पर्यंत तपासलेला असावा. समोरचा माणूस उत्साहात इंचभर जास्त ओढणारच.

रंधा_रेघ

निरोप पाठवला होता. खेच प्रचलित मापानेच २७ आहे. आणखी एक शंका: लाकूड पुरेसं वाळलंय हे कसं ओळखायचं? वखारीत फळी भिंतीला टेकून उभी होती आणि पाऊस नुकताच संपलाय.

ओल_मोज

फळीचे उरलेले साडेचार इंच टाकू नका. त्यातून तुकडा कापा, समजा १०० ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ९१ ग्रॅम उरलं तर ओल ९ भागिले ९१, म्हणजे जवळपास १० टक्के. ८ ते १० टक्क्यांवर टिलरिंग करा. जास्त असेल तर फळी पंख्याखाली आडवी ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी वजन करा, वजन स्थिर झालं की झालं. उन्हात ठेवली तर पृष्ठभाग आधी आकसून चिरा पडतात.

या अदलाबदलीत हवामान मोठी गोष्ट आहे. कोकणात पावसाळ्यात उघडं लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत ओल धरतं, तेव्हा ओढलं तर बाक राहतो. नागपूरच्या मे महिन्यात तेच लाकूड ४-५ टक्क्यांवर येतं, तेव्हा पाठ ताणात तुटते. शेलॅक किंवा पॉलियुरेथेनचे चार-पाच हात ओल ये-जा मंदावतात, थांबवत नाहीत. नागपूरकरांना स्पष्ट लिहा: उन्हाळ्यात दुपारी ओढायचं नाही, गाडीत ठेवायचं नाही. पाठीवर लाकडाच्या गोंदाने लिननचं पातळ कापडही चिकटवा. त्याने जोर वाढत नाही, पण सळी उचलली तर ती दाबून धरते.

ताठ_मूठ

दोरीबद्दल कोणी बोललं नाही. डॅक्रॉन बी-५० (पॉलिएस्टरचा धागा), १२ पदर, लांबी खाचेपासून खाचेच्या मापापेक्षा ३ इंच कमी. आधुनिक न ताणणारा धागा नको, टोकांना शिंगाचं किंवा कठीण लाकडाचं आवरण नसेल तर तो खाच फाडतो. सोबत एक जादा दोरी द्या.

पाठवण्यापूर्वी किमान शंभर बाण पूर्ण खेचेने मारून बघा आणि पुन्हा काट्यावर लावा, एक-दोन पौंड उतरतात, शेवटचं माप तेच. मग मुठीजवळ पोटाच्या बाजूला शाईने लिहा: ३५ @ २७. सोबत कागद: कमाल खेच २८, दोरीची उंची ६ इंच, लाकूड, गोंद, वरच्या पात्याची खूण, बाणाचं वजन ३५० ग्रेनपेक्षा, म्हणजे साधारण २३ ग्रॅमपेक्षा कमी नको. बाणाशिवाय दोरी सोडायची नाही हे सर्वांत वर ठळक.

पॅकिंगला ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप. दोरी उतरवलेली, धनुष्य वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोन्ही टोकांना फोमचे जाड बोळे, कारण पाइप आपटतो तो टोकावरच. एक टोपण सॉल्व्हंटने पक्कं, दुसरं स्क्रूने, म्हणजे उघडताना करवत आत जात नाही. पाइप जवळपास सहा फुटांचा होईल, तेव्हा कुरिअरवाल्याची लांबीची मर्यादा आजच विचारून ठेवा.