‘फॉलो करा’ म्हणणारा कवी

निवृत्त मास्तर:
काल नाशिकच्या गंगापूर रोडला एका काव्यवाचनाला गेलो होतो. पहिल्या कवीने कागद काढायच्या आधी ट्रायपॉड काढला. मोबाईल लावला, गोल दिवा पेटवला आणि दोन कविता झाल्यावर आम्हा पंचवीस-तीस म्हाताऱ्यांना म्हणतो, “आवडलं तर फॉलो करा, बेल दाबा.” घरी येऊन त्याचं पान पाहिलं. चार ओळींच्या कवितेखाली अकरा हॅशटॅग. हा लेखक की भाजीवाला? ओरडून विकावं लागतं ते लिखाणच नव्हे. ज्यात दम असतो ते वाचकापर्यंत आपोआप पोचतं. याच गावात तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, राहून गेले, त्यांनी कोणाला बेल दाबायला सांगितली नव्हती. पटत असेल तर बघा, नसेल तर सोडून द्या.

इंदिरानगरची कथेकरी:
मास्तर, सोडूनच देणार होते, पण ‘आपोआप पोचतं’ वाचलं आणि राहवेना.

आपोआप काय पोचतं हो? माझा पहिला संग्रह आला तेव्हा हजाराची आवृत्ती, त्यातला निम्मा खर्च माझ्याच गळ्यात. प्रकाशकाने गठ्ठे घरी आणून टाकले आणि म्हणाला, ओळखीत द्या. अभिप्रायासाठी प्रती पाठवल्या, साधी पोचही आली नाही. दिवाणाखाली गठ्ठे, वर पाहुणे झोपायचे. आपोआप पोचली ती फक्त वाळवी.

मग भाचीने मला कॅमेऱ्यासमोर बसवून कथेतलं एक पान वाचायला लावलं. ना गाणं, ना दिवा, मागे आमची भांड्यांची मांडणी. रील जेमतेम दीड मिनिटाचं. त्यावर सुरगाण्याहून एका नर्सबाईंचा मेसेज आला, “पुढे त्या बाईचं काय झालं?” ती माझी पहिली अनोळखी वाचक. तोवर माझं पुस्तक वाचलेला प्रत्येक माणूस माझ्या लग्नाला नाहीतर पोराच्या बारशाला येऊन गेलेला होता.

आणि या सगळ्या प्रकारांचं एकच गाठोडं बांधू नका. रील अनोळखी माणसापर्यंत जातं, पण तो दोन सेकंदांत पुढे सरकतो. ज्याला खरंच वाचायचंय त्याच्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल बरं. तिथे वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे बायका निर्धास्त येतात. एकच मेसेज अनेकांना सुटा सुटा पाठवायची ब्रॉडकास्ट लिस्ट मी सोडून दिली. एक तर २५६ची मर्यादा, वर समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज जातच नाही. इन्स्टाच्या कॅप्शनला २२०० अक्षरं मिळतात, पण आपल्या काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजल्या जातात, म्हणजे मराठीत पानभर मजकूर. तेवढ्यात कथेची सुरुवात बसवायला शिकले. त्याने लिखाण बिघडलं नाही, उलट माझी पाल्हाळ लावायची खोड थोडी कमी झाली. हॅशटॅग मात्र अकरा मलाही पटत नाहीत. दोन पुरतात.

तात्यासाहेबांचं नाव काढलंत म्हणून सांगते. १९४२ साली त्यांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आपोआप नाही आला. वि. स. खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढला, प्रस्तावना लिहिली. त्या काळी खांडेकरांनी पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांना खांडेकर भेटत नाहीत त्यांनी काय करायचं?

निवृत्त मास्तर:
बाई, खांडेकरांनी आधी कविता वाचल्या, मग खिशात हात घातला. कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं तुमचं अल्गोरिदम कविता वाचतं का? बघणारा किती वेळ थांबला एवढंच मोजतं. रस्त्यात भांडण लागलं तरी लोक थांबतात. जाणता माणूस आणि सेकंद मोजणारं यंत्र यांना एका पंक्तीला बसवलंत, धन्य आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत माणूस तासभर बसून ऐकतो. त्याला तुम्ही दीड मिनिटावर आणून ठेवलंत. आणि वाचकच हवा असेल तर याच गावातून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटांकडे फिरत दुबईपर्यंत गेली. माणसांनी माणसांना सांगून गेली.

इंदिरानगरची कथेकरी:
पेटीबद्दल आदरच आहे. पण नवख्याचं पुस्तक पेटीत पडायचं तर पेटी भरणाऱ्याला ते पुस्तक आहे हे आधी कळायला हवं ना? ते कोण सांगणार, वाळवी?

सिडकोचा पोरगा:
सेकंदांवरून आठवलं. मी आपल्या जुन्या सरकारवाड्यावर लिहिलं. जुने फोटो शोधले, म्हाताऱ्या माणसांशी बोललो, महिना गेला. लाइक चाळीस, त्यातले निम्मे शाळेतले मित्र, न वाचता दिलेले. त्याच दिवशी एकाने मिसळीवर तर्री ओततानाचं रील टाकलं, लाखांत गेलं. नाशिकवर लिहायचं म्हणजे मिसळ नाहीतर वाइन. आता कुंभ येतोय, मग ड्रोन. आम्ही वाड्यांवर लिहिणाऱ्यांनी तर्रीत बुडून मरावं.

निफाडचा बागायतदार:
मास्तर, आधी भाजीवाल्याचं मिटवू. भाजीवाल्याला काय कमी समजता? आमच्या द्राक्षबागेत व्यापारी येतो, मणी तोंडात टाकतो, गोड लागला तरी तोंड वाकडं करून भाव पाडतो. ‘माल चांगला असला की आपोआप’ म्हणणाऱ्याने एकदा मार्चमध्ये आमच्याकडे सौद्याला बसावं. चहा माझ्याकडून.

आता दुसरी बाजू, ती कथेकरी ताईंसाठी. अवकाळी पाऊस झाला त्या रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरलो. मणी तडकलेले, घडांतून पाणी गळतंय. सकाळी फेसबुकवर तसंच्या तसं लिहिलं. आठवडाभरात तो लेख आमच्याच भावकीच्या ग्रुपवर परत आला. खाली नाव पु. ल. देशपांडे! पु. ल. २००० साली गेले. लेखात माझ्या ठिबकचा व्हॉल्व्ह आहे, पीक विम्याचं ॲप आहे. काका मलाच लिहितात, “बघ, लिहावं तर असं.” पोचलं का? पोचलं, सगळीकडे पोचलं. मी कुठंय त्यात?

शालिमारचा डीटीपीवाला:
भाऊ, उपाय सोपा आहे. मजकूर कधी टाकायचाच नाही. इमेज करायची, खाली नाव, मागे फिकट वॉटरमार्क. मजकूर म्हणजे उघडं दार, कोणीही कॉपी करून नेतो. मी सगळ्या कवींना हेच सांगतो.

कोर्टाच्या पायरीवरून:
१९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. पण बागायतदार भाऊ, नोटीस काढायची कोणाच्या नावे? काकांच्या?

कानांनी वाचणारी:
डीटीपीवाले दादा, तुमच्या त्या उघड्या दारातूनच मी आत येते. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. मजकूर असला की कविता ऐकू येते. इमेज असली की एक बाई इंग्रजीत म्हणते, “मे बी ॲन इमेज ऑफ टेक्स्ट.” संपली कविता. २७ फेब्रुवारीला तर दिवसभर हेच. सगळीकडे मराठीचा गौरव चाललेला असतो आणि माझा फोन इंग्रजीत सांगत असतो की इथे बहुतेक काहीतरी लिहिलेलं असावं.

शालिमारचा डीटीपीवाला:
ताई, वाईट वाटलं. पण आता फोन चित्रातली अक्षरंही वाचतात की. आणि चार जणांसाठी बाकीच्यांनी चोरी होऊ द्यायची का?

कानांनी वाचणारी:
चार जण तुम्ही कुठे मोजलेत? फोन वाचतो, खरंय. तुमच्या वळणदार फॉन्टातली जोडाक्षरं गिळतो, मागे गुलाब असला तर ओळींची अदलाबदल करतो. वीजबिल असतं तर चाललं असतं. आणि इमेजने चोरी थांबते? खालची पट्टी कापायला डोळस माणसाला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा.

निफाडचा बागायतदार:
ताईंचं खरंय. मी दुसऱ्या लेखाची इमेजच केली होती. पट्टी कापून आली. वर कोणीतरी ‘सुप्रभात’ लिहिलं होतं.

शालिमारचा डीटीपीवाला:
मग नाव मधोमध छापा! या धंद्यात जन्म गेलाय माझा, मला कोणी इमेज शिकवू नये. लेखक मंडळी फुकट कार्ड मागतात, वर म्हणतात “तुमचीही प्रसिद्धी होईल.” फाईल येते ती जुन्या फॉन्टातली. कॉपी करून पोस्टमध्ये टाकली की नुसती अगम्य चिन्हं उमटतात. ती कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा युनिकोडमध्ये करा, रफार तपासा, जोडाक्षरं हाताने नीट करा. त्याचे पैसे मागितले की कवी गायब. इमेज काढली की विषय संपतो.

इंदिरानगरची कथेकरी:
म्हणजे चोरीबिरी काही नाही, फाईल निस्तरायचा कंटाळा!

शालिमारचा डीटीपीवाला:
कंटाळा नाही, बाई. पैसे. तुमचे गठ्ठे दिवाणाखाली गेले त्याचं दुःख तुम्ही इथे मांडलंत, माझ्या उधारीच्या वहीचं मी मांडू का?

इंदिरानगरची कथेकरी:
मांडा, पैसे मागणं गैर नाहीच. पण मग कवींना चोराची भीती घालू नका. इमेज हवी तर करा, सोबत पूर्ण मजकूर पोस्टमध्ये द्या. इमेज टाकताना ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी चित्राचं वर्णन लिहायची, जागा असते, तिथेही कविता चिकटवता येते. आणि नाव शेवटी लिहिलं तर ते पहिलं जातं. मी पहिल्याच परिच्छेदात गोवते, मी अमुक, इंदिरानगरला राहते, आज असं झालं. चोराला परिच्छेद नव्याने लिहावा लागतो. तरी चोरतात, पण निदान कष्ट तरी करतात.

ट्रायपॉडवाला:
नमस्कार, तो कवी मीच. ‘बेल दाबा’ म्हणालो नव्हतो मास्तर, ते यूट्यूबवाले म्हणतात, मी इन्स्टावर आहे. बाकी सगळं खरं.

हस्तलिखित घेऊन एका प्रकाशकाकडे गेलो होतो. फाईल उघडायच्या आधी त्याने विचारलं, फॉलोअर किती? सांगितले. म्हणाला, दहा हजार झाले की या. फाईल टेबलावर तशीच, दोरीसुद्धा सोडली नाही. अल्गोरिदम कविता वाचत नाही म्हणता, बरोबर आहे. त्या जाणत्या माणसाने तरी कुठे वाचली? उभं राहून ‘फॉलो करा’ म्हणताना मलाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. वर समोर तुम्ही सगळे हाताची घडी घालून. एक टाळी नाही.

निवृत्त मास्तर:
टाळी वाजवली होती. दुसऱ्या कवितेला. पहिली लांबली होती, शेवटची दोन कडवी काढा.

प्रकाशकाने तसं विचारलं असेल तर कान त्याचे उपटायला हवेत, तुमचे नव्हे. एवढं मान्य. दिवा मात्र बंद करा, समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

कोर्टाच्या पायरीवरून:
मास्तरांनी काहीतरी मान्य केलं, तारीख लिहून ठेवा रे.

कानांनी वाचणारी:
मास्तर, तुम्ही हॅशटॅग लावत नाही ते ठीक. पण तुमच्या कविता म्हणजे वहीच्या पानांचे फोटो असतात. खाली लोक लिहितात, “काय अक्षर आहे सर!” मला आजवर एकही वाचता आलेली नाही.

निवृत्त मास्तर:
मला मोबाईलवर टाईप करणं जमत नाही. एका बोटाखाली तीन अक्षरं येतात.

सिडकोचा पोरगा:
कीबोर्डवर माइक असतो सर. मराठीत बोला, आपोआप टाईप होतं.

निवृत्त मास्तर:
बोलून पाहिलंय. अख्खी कविता एका ओळीत आली. ओळी तोडायच्या, स्वल्पविराम द्यायचे, हे कोण करणार, गूगल?

शालिमारचा डीटीपीवाला:
वही घेऊन दुकानात या. युनिकोडमध्ये करून देतो, पोस्टही करायला शिकवतो. फुकट नाही, आधीच सांगतो.

निवृत्त मास्तर:
फुकट कोणी मागितलंय? पानाला किती ते सांगा. आणि खाली हॅशटॅग लावायचा नाही.

ट्रायपॉडवाला:
एक तरी लावा सर.

निवृत्त मास्तर:
नाही म्हणजे नाही.

सिडकोचा पोरगा:
‘मिसळ’ लावा. लाखांत जाईल.