मदत हवी आहे: गिट रेपोच्या आत दुसरा रेपो, बाहेरून ‘ॲड’ केलं तरी आतल्या फाइली स्टेज होत नाहीत

मार्केटयार्डकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गुळाच्या अडत दुकानांसाठी आम्ही दोघं सॉफ्टवेअर लिहितोय. सौदा झाला की रवे (गुळाच्या ढेपा), वजन, भाव, हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी छापायची, एवढंच काम. पाडव्याला सौदे निघायच्या आत ते दुकानांत चालू व्हायला हवं.

कोड आम्ही गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवतो. आमच्या मुख्य रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) ‘छपाई’ नावाचं फोल्डर आहे. डॉट मॅट्रिक्सवर मराठी छापणारा तो कोड पार्टनरचा, त्याचा रेपो वेगळा, आणि इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याकडेही तोच चालतो. म्हणून तो थेट आत क्लोन केलाय, म्हणजे त्याची पूर्ण प्रत आत उतरवलीय.

आता छपाईतली फाइल बदलून बाहेर ‘गिट ॲड .’ (बदल पुढच्या नोंदीसाठी तयार ठेवायची, म्हणजे स्टेज करायची कमांड) दिलं, तरी ‘गिट स्टेटस’ छपाईपुढे ‘मॉडिफाइड कंटेंट’च दाखवतं. फाइलचं पूर्ण नाव दिलं तर ‘पाथस्पेक इज इन सबमॉड्यूल’ म्हणून ओरडतं. सबमॉड्यूल (एका रेपोत रीतसर जोडलेला दुसरा रेपो) तर आम्ही केलेलंच नाही! दुकानातल्या मशिनवर क्लोन केलं तर छपाई रिकामं. हे नेमकं काय चाललंय?

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, समजून घ्या.)

रंकाळावेस:
छपाईतलं ‘.गिट’ फोल्डर (त्या रेपोचा इतिहास त्यातच असतो) उडवा भावा, विषय कट.

जुना_कमिटर:
थांबा, उडवू नका. कोड एकाच गिऱ्हाइकाचा असता तर तेही चाललं असतं. इथं इचलकरंजीची दुरुस्ती इकडं आणायला रोज फाइली कॉपी करत बसाल.

आत ‘.गिट’ असलेलं फोल्डर दिसलं की गिट त्यातल्या फाइली उचलतच नाही. बाहेरच्या इंडेक्समध्ये (स्टेज केलेल्याची यादी) त्या फोल्डरची एकच नोंद होते: मोड १६००००, आणि आतला रेपो त्या क्षणी ज्या कमिटवर (नोंदवलेल्या टप्प्यावर) उभा आहे त्याचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक. याला गिटलिंक म्हणतात. क्लोन रिकामा येतो तो यामुळेच. हॅश आहे, पण तो कुठून आणायचा ते सांगणारी ‘.गिटमॉड्यूल्स’ फाइल नाही. पहिल्यांदा ॲड करताना गिटनं ‘एम्बेडेड रिपॉझिटरी’ अशी लांबलचक सूचना दिली असणार. २०१७ च्या २.१४ पासून ती येते, पण नोंद एकदा झाली की पुन्हा दिसत नाही.

स्टेटसमधले शब्द नीट वाचा, सगळी मेख तिथं आहे. ‘मॉडिफाइड कंटेंट’ म्हणजे आत कमिट न केलेला बदल आहे. तो आत स्टेज केलात तरी बाहेर हेच दिसणार. ‘अनट्रॅक्ड कंटेंट’ म्हणजे आत नवी, न नोंदलेली फाइल. या दोन्हींवर बाहेरच्या ‘ॲड’चा काही उपयोग नाही. ‘न्यू कमिट्स’ दिसलं की मगच बाहेर ‘गिट ॲड छपाई’ करा, नवा हॅश स्टेज होईल. म्हणजे आधी आत ॲड, कमिट, पुश (सर्व्हरवर पाठवणं). नंतर बाहेर ॲड, कमिट, पुश. आतलं पुश राहिलं तर समोरच्याला हॅश मिळतो, कोड नाही. बाहेरून पुश करताना ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स=चेक’ लावलं की गिट तिथंच अडवतं.

तुम्हाला आता एवढंच करायचंय: ‘गिट आरएम --कॅश्ड छपाई’, मग ‘गिट सबमॉड्यूल ॲड’ पुढं पार्टनरच्या रेपोचा पत्ता आणि छपाई, आणि कमिट. फोल्डर जागेवरच राहतं. दुकानात ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट’.

मार्केटयार्डकर:
झालं, दुकानात फाइली आल्या! एक शंका: बाहेरून एका दणक्यात आतलंही कमिट करता येत नाही का?

जुना_कमिटर:
गिटमध्ये नाही. मर्क्युरिअल या गिटसारख्याच दुसऱ्या प्रणालीत ‘एचजी कमिट’ला ‘-एस’ लावलं की सबरेपोही (आतले रेपो) कमिट होतात. सबव्हर्जन या आणखी एका प्रणालीत एक्स्टर्नल्सना (बाहेरून जोडलेल्या फोल्डरांना) कमिट आपोआप लागत नाही. माझ्या मते गिटचं वेगळं ठेवणंच बरं, नाहीतर पट्टीच्या घाईत केलेला बदल न तपासता सूतवाल्याकडे जायचा.

आणि ‘सबमॉड्यूल अपडेट’नंतर आतला रेपो कुठल्याच ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) नसतो, ‘डिटॅच्ड हेड’ असतो. पार्टनरला सांगा, आत काही लिहिण्याआधी ‘गिट स्विच मेन’ करून मेन या ब्रँचवर या.