ब्रेक पाइपचं तोंड फुलवायचं टूल कोणतं घ्यावं? (जिप्सी, ठाणे)

वर्तकनगरचा जिप्सीवाला

गाडी २००४ ची जिप्सी किंग. गेल्या रविवारी येऊरच्या डोंगरावरून उतरताना गेटच्या अलीकडच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तर ठीक. गेटपाशी थांबून वाकून पाहिलं, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ आलेला. ब्रेक ऑइल.

आठ महिन्यांपूर्वी एका गॅरेजात तिथला गंजलेला पाइप बदलून घेतला होता. त्यांनी तांब्याचा पाइप टाकला आणि एसीवाल्याचं टूल मागवून माझ्यासमोरच तोंड फुलवलं. मला तेव्हा काय कळतंय, चकचकीत दिसला म्हणून मी खूश. आता सोडवून पाहिला तर फुलवलेल्या तोंडाला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, केसासारखी चीर आहे. नख फिरवलं की अडकतं.

तेव्हा मागचे सगळे पाइप स्वतःच करायचे ठरवलंय. ऑनलाइन दोन प्रकार दिसतात: पट्टीत पाइप आवळून वरून स्क्रू फिरवायचा तो स्वस्त डबा, आणि हायड्रॉलिक, जो बऱ्यापैकी महाग आहे. काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेगडा (पाइप आवळून धरायचा व्हाइस) नाही. शिवाय पेव्हर ब्लॉकवर ऑइल सांडल्यापासून सेक्रेटरी माझ्याकडे बघत नाहीत. टाकीजवळची पेट्रोलची लाइनही गंजलीय, तीही याच टूलने होईल का?

कळव्याचा विन्या

दादा, टूल कशाला घेताय? कुर्ल्याला तयार पाइप मिळतो, दोन्ही बाजूंना नट आणि फुलवलेलं तोंड. थोडा लांब घ्यायचा आणि उरलेल्याला एक वेढा द्यायचा. अर्ध्या दिवसात मोकळे.

आटे आणि पान्हे (कोपरखैरणे)

विनायकराव बरोबर सांगतायत. एकच पाइप असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण यांना तीन-चार करायचेत आणि गॅरेजवरचा विश्वास उडालाय, म्हणून लिहितो. रबाळे एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. पाइपांची तोंडं जेवढी फुलवली तेवढ्या पोळ्या आमच्या हिने लाटल्या नसतील.

अहो जिप्सीवाले, टूल नंतर. आधी नट सोडवून त्या भोकात टॉर्च मारा. तळाशी मधोमध सुळक्यासारखा उंचवटा दिसला तर त्यावर नरसाळ्यासारखं तोंड बसतं, म्हणजे डबल फ्लेअर, दुहेरी फुलवलेलं तोंड. तळ वाटीसारखा खोलगट असेल तर बबल फ्लेअर, बुडबुड्यासारखं गोल तोंड. तुमच्या सुझुकीत डबल निघेल. बबल युरोपियन गाड्यांत जास्त. फसगत अशी होते की दोन्हीकडे पाइप ४.७५ मिमी आणि नट एम१० बाय १ (१० मिमी जाड, १ मिमी आट्याचा) असू शकतो. चुकीचं तोंड हाताने अगदी छान बसतं आणि दाब आला की झिरपतं. तसाच एक अमेरिकन नट येतो, ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा. तोही पहिले दोन आटे गोड चढतो. पुढे पान्हा लावलात की सिलिंडरचे आटे गेले.

तुमच्या तांब्याच्या पाइपचं सांगतो. एसीचं टूल तोंड एकदाच फुलवतं, एकाच पदराचं. तिथे गॅसचा दाब वीस-तीस बार असतो. इथे जोरात ब्रेक मारलात की शंभर बारच्या आसपास जातो. त्यात तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि ताणलेल्या कडेलाच तडकतं. डबलमध्ये पत्रा आत दुमडून दोन पदर होतात.

म्हणून मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात, गेलात तर डबा उघडून बघा. पट्टी आणि स्क्रूच्या जोडीला टोपणासारखे छोटे अडॅप्टर आहेत का? नसतील तर तो एसीवाल्याचा डबा, ठेवून द्या. कारखान्यातल्या यंत्रांच्या हायड्रॉलिक लाइनचं, ३७ अंशाच्या कोनाचं टूल दाखवतील, ते दिसायला सुंदर असतं, पण तुम्हाला ४५ अंशच हवंय. ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिमी पाइपचा अडॅप्टर हातात घेऊन त्याची मधली दांडी सरळ आहे ना ते बघा. स्वस्त डब्यात तीच वाकते.

शेगडा नाही म्हणता, तर टेबलावर बसवायचा टरेटवाला (फिरत्या डोक्याचा) प्रकार बाद. तो सगळ्यात चांगला, पण पाइप गाडीवरून काढून आणावा लागतो. हायड्रॉलिक गाडीखाली झोपूनही चालतं. तीन-चार पाइपांसाठी एवढे पैसे घालायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पट्टीवालाही काम करतो, फक्त पहिली पाच-सहा तोंडं वाया जाणार हे धरून पाइप घ्या.

पाइप तांब्याचा नको. एक तर कोटिंगवाला स्टीलचा, नाहीतर तांबं-निकेलचा, ९०-१० वाला (नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल). व्होल्वोने १९७६ पासून तो घातला. जहाजांवर समुद्राच्या पाण्याच्या लाइनींना हीच मिश्रधातू वापरतात, तेव्हा खाडीच्या वाऱ्याला तो भीक घालत नाही. शिवाय मऊ, नवशिक्याच्या हाताला बरा.

हॅक्सॉने कापू नका. ट्यूब कटर लावा, दर फेरीला स्क्रू थोडासाच आवळा. कडा कानशीने काटकोनात करा, आतली बर (कापताना राहिलेली कूस) काढा, बाहेरची धार किंचित मारा. पट्टीच्या वर पाइप किती काढायचा? अडॅप्टरच्या कॉलरची जाडी जेवढी, तेवढाच. नखभर जास्त काढलात की तोंड एका बाजूला कलतं. पट्टीची खाच कोरडी पुसा. तिथे तेल लागलं की पाइप सरकलाच. ब्रेक ऑइलचा थेंब फक्त तोंडावर आणि कोनावर. अडॅप्टरने दाबलं की तोंड गोल फुगतं, मग अडॅप्टर काढून कोनाने तेच आत दुमडायचं.

वर्तकनगरचा जिप्सीवाला

काका, टॉर्च मारला. सुळकाच आहे.

पट्टीवाला डबा आणला, तांबं-निकेलचा २५ फुटी रोलही. पाच तोंडं झाली. दोनदा पाइप सरकला, एक कललं, एकाला नट घालायचाच विसरलो. पाचवं चांगलं दिसतंय, पण त्यावर ब्रेक सोपवायचा धीर होत नाही.

आटे आणि पान्हे (कोपरखैरणे)

धीर होत नाही हे चांगलं. पाचवं गाडीला लावू नका, हॅक्सॉने उभं चिरा. दोन पदर एकमेकांना चिकटून, दुमड गोल आणि कुठे चीर नाही, असं असेल तर सहावं लावा. मध्ये फट दिसली तर तुम्ही शेवटचा पाऊण फेरा मारलेला नाही. आणि पट्टी हातात धरून करू नका. मुलुंड, भांडुप, कुठेही ओळखीच्याच्या शेगड्यात धरा. सरकणं तिथेच थांबेल.

ऐरोलीची मधुरा

पेट्रोलच्या लाइनचं मी सांगते, डिप्लोमाला असताना याच कामावर माझे मार्क गेले होते. रबरी होज आणि क्लिप जिथे येते तिथे पूर्ण फ्लेअर करायचा नाही. अडॅप्टरची पहिलीच पायरी करा, जो गोल फुगवटा येतो तोच होजला अडवायला पुरतो. दुमडलेली धारदार कडा रबर आतून कापते. तुमची एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची आहे, लाइनमध्ये अडीच-तीन बार असतात, म्हणून होज इंजेक्शनसाठीचीच हवी. जुनी असेल तर ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे फुगलीय का तेही बघा. आणि इथेही नुसतं तांबं नको, त्याच्या संगतीत पेट्रोलला लवकर चिकटा धरतो.

पेट्रोलचं काम बंद बेसमेंटमध्ये करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आधी लाइनमधला दाब सोडा.

कळव्याचा विन्या

दादा, माझा भाऊजी वागळे इस्टेटला फॅब्रिकेशन करतो. शेगडा आहे, चहाही मिळेल.

वर्तकनगरचा जिप्सीवाला

विन्याच्या भाऊजींकडे शनिवारी जाऊन आलो. पाचवं चिरलं, काका म्हणाले तशी फट होती. शेगड्यात धरून केलेलं सहावंही चिरलं, तर आतली दुमड भाकरीच्या पापुद्र्यासारखी बसलेली. सातवं आणि आठवं गाडीला.

मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, मग पुढची. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने दोन मिनिटं दाबून धरलं, बायकोने टॉर्च घेऊन प्रत्येक नटाला टिश्यू लावून पाहिला. कोरडा. फ्लेअर नटचा पान्हाही घेतला, साध्या पान्ह्याने जुन्या नटाचे कोपरे आधीच गोल झाले होते. खाली दोन पुठ्ठे अंथरले होते, सेक्रेटरी आले, पुठ्ठ्याकडे पाहून काही न बोलता गेले.

अजून येऊरला नेलेली नाही. आधी आतल्या रस्त्यांवर दोन दिवस हळू चालवतो आणि रोज रात्री टिश्यू फिरवतो. पुढच्या रविवारी एक्सलवरचा उजवा पाइप. त्यासाठी तुकडा कापून ठेवलाय आणि दोन्ही नट आत्ताच घालून टेपने चिकटवलेत.