आयफोन घेताय? आधी व्हॉट्सॲपचं बघा
अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलं की सगळं आपोआप येतं, असं बरेच जण म्हणतात. फोटो, कॉन्टॅक्ट येतात, मान्य. व्हॉट्सॲपचं तसं नाही. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल खात्यात, आयफोनचा ॲपलच्या आयक्लाउडवर. एकाचा दुसऱ्यावर रिस्टोअर होत नाही. चॅट हवे असतील तर आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच, अँड्रॉइड फोनवर घेतलेल्या ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपमधून न्यायचे, दोन्ही फोन चार्जिंगला लावून.

मला हे ठाऊक नव्हतं. बाबांचा नवा फोन हौसेने आधीच सुरू करून ठेवला, वॉलपेपरला नातीचा फोटोसुद्धा. मग काय, नव्या फोनवरचं सगळं पुसून पुन्हा पहिल्या ‘हॅलो’ स्क्रीनपासून! सोसायटीच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग गेले असते तर हरकत नव्हती, पण चॅटमध्ये आईचे जुने व्हॉइस मेसेज होते. एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना फोन न्यायला आलेला मुलगा तेवढा वेळ दारात ताटकळला.